जमादारबद्दल

प्रिय मित्रा,

तुझी दोन्ही पत्रं टेबलावर तशीच पडून आहेत. पहिल्याला उत्तर देणारच होतो. दुसऱ्याच्या शेवटी तू विचारलंस, 'जमादार काय म्हणतो?' आणि तिथे माझा हात थांबला. जमादार, आपल्या तळ्यातला तो पिवळा कोई मासा, गेला रे. आज 42 दिवस झाले.

फोनवर सांगता आलं असतं. दोनदा नंबर लावला आणि कापला. तुझा आवाज ऐकून मी अर्धंच सांगितलं असतं, आणि यातलं अर्धं सांगून भागणार नाही. तुझ्या नावावर मी एक खोटंही बोलून बसलोय. त्याच्याकडे येतोच, पण क्रमाने येऊ दे.

प्रकृती सगळ्यांच्या ठीक. आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया नीट झाली, टाके निघाले, वॉकर धरून मागच्या दारापर्यंत येते.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हाची गोष्ट. जिना चढायचा नाही म्हणून तिला परसाकडच्या खोलीत आणलं. खिडकीबाहेर दहा पावलांवर आपल्या माशांच्या तळ्याचा, पंपावर चालणारा धबधबा. दिवसा तिला तो आवडायचा. रात्री मात्र म्हणायची, 'कुणीतरी नळ उघडा टाकलाय असं वाटतं. उठून बंद करावासा वाटतो आणि उठता येत नाही.' तिसऱ्या रात्री ती रडली. तू तिला रडताना किती वेळा पाहिलंयस? मी दोनदा, आणि त्यातल्या एकदा तू शेजारीच उभा होतास. मी काही बोललो नाही. खाली गेलो, पंपाचं बटण बंद केलं. दहा वाजले होते. पंधरा मिनिटांत ती झोपली आणि मलाही तिच्या उशाशी खुर्चीतच डोळा लागला.

त्या दिवशी सकाळपासून ढग होते, वाऱ्याची झुळूक नव्हती. संध्याकाळी पाणी 29 अंश होतं. दवाखान्याच्या धावपळीत महिनाभर मी तळ्याकडे पाहिलं नव्हतं. पाणी हिरवंगार झालेलं, तळाला गाळ, आणि कमळाच्या पानांनी अर्धं तळं झाकलेलं. त्यात धबधबा बंद म्हणजे पाण्यात हवा मिसळणंही बंद. पुढचं तुला न सांगताही कळलं असेल.

मला हे माहीत नव्हतं असं नाही, हेच तर बोचतं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री सगळ्यांच्या बरोबरीने तोच ओढतं, म्हणून तळ्याचा सगळ्यात वाईट वेळ पहाटेचा. हे तूच मला शिकवलंस, परसातल्या फरशीवर खडूने आलेख काढून. 20 अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि 30 ला साडेसातच, म्हणजे उकाड्यात माशांची भूक वाढते आणि श्वास कमी होतो, हे वाक्य तुझंच. त्या आलेखावरून पाऊस वाहून गेला तरी दोन वर्षं मला तिथे ती रेघ दिसायची. त्या रात्री दिसली नाही.

पहाटे पाचला जाग आली ती शांततेनेच. खाली गेलो तर गोल्डफिश सगळेच्या सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून चुटुक चुटुक आवाज करत होते. म्हातारी, आपली ती दुसरी कोई, धबधब्याच्या कोरड्या दगडाशी लागून उभी होती, जिथे एरवी पाणी पडतं तिथे. ती तिथे वाट बघत होती असंच मला दिसलं. जमादार उथळ पायरीवर कुशीवर पडला होता. तोंड उघडं, कल्ले ताणलेले. मी पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांवर धरलं, पुढे-मागे फिरवलं, बराच वेळ. 68 सेंटिमीटरचा मासा, हातावर पेलत नव्हता. बिल्ल्यासारखी ती पितळी पाठ तेवढी चकाकत होती.

असं झालं की मोठे आधी जातात. हेही तू सांगितलं होतंस.

गोल्डफिश एकही गेला नाही. ते मिशा नसलेलं टोळकं, ज्यांना तू 'फुकटे' म्हणायचास, सगळे शाबूत. तुला एक वाचलेलं सांगतो, तू हसशील म्हणून मुद्दाम ठेवलंय. ऑक्सिजन संपला की गोल्डफिश अंगात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं चक्क अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. बर्फाखालच्या तळ्यात त्यावर तो महिनेच्या महिने काढतो. आपल्या उबदार पाण्यात ती युक्ती फार वेळ पुरत नाही, पण कोईला तीही नाही. आठवतं, तू त्यांच्यातल्या साहेबाकडे बघून म्हणाला होतास, 'हा मासा कायम नुकताच पार्टीहून आल्यासारखा पोहतो'? शास्त्र तुझ्या बाजूने निघालं.

त्यानंतर मी दुसरी चूक केली, आणि ही तुला पहिलीपेक्षा जास्त लागेल. घाबरून पंप तसाच चालू केला. त्याच पंपावरचा फिल्टर सात तास बंद, माशांची घाण पचवणारे आतले जिवाणू ऑक्सिजनशिवाय गुदमरून मेलेले, सडलेलं काळं पाणी आत साठलेलं. ते आधी बाहेर गटाराला सोडायचं, फिल्टर तळ्याच्याच पाण्याने विसळायचा आणि मग जोडायचा. तू असतास तर माझा हात धरला असतास. मी ते सगळं वाचलेल्यांच्या अंगावर ओतलं. वास मला अजून येतो.

जिवाणू नाहीत म्हणून माशांच्या घाणीतला अमोनिया साठत गेला, तिसऱ्या दिवशी लिटरमागे 1 मिलिग्रॅमवर. सकाळी पीएच, म्हणजे पाण्याचा अल्कपणा, साडेसात, म्हणून थोडा धीर. दुपारी ऊन पडलं, शेवाळ कामाला लागलं आणि पीएच साडेआठ. अमोनिया तेवढाच, पण पीएच एकाने चढला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट. मी त्या नळकांडीत थेंब टाकून हिरवा रंग चढताना बघायचो आणि पोटात खड्डा पडायचा. खाणं पूर्ण बंद केलं. रोज पाचवा हिस्सा पाणी बदललं, क्लोरीन मारायला आधी थायोसल्फेट. अमोनिया धरून ठेवणाऱ्या झिओलाइट खड्यांची पोती धबधब्याखाली टांगली. आठवड्याने अमोनिया उतरला तर त्यापासून बनणारा नायट्राइट चढला, तोही विषारीच, मग मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दाराशी उभा राहतो आणि नायट्राइटला आत शिरू देत नाही, हा तुझा द्वारपाल मला पाठ आहे. मीठ टाकण्याआधी झिओलाइट मात्र आठवणीने काढलं, नाहीतर त्याने धरलेला अमोनिया सगळा परत पाण्यात. एवढं तरी नीट केलं.

आणि मीठ किती टाकायचं म्हणून बसलो तेव्हा तुझं माझं ते भांडण आठवलं. लांबी सहा मीटर, रुंदी चार, खोली दीड, झाले 36 हजार लिटर, असं मी छातीठोक सांगत होतो. तू म्हणत होतास, पायऱ्या, उतार, दगड वजा कर, नाहीतर भरतानाच मीटर लाव. आपण दोन दिवस बोललो नव्हतो त्यावरून! वहिनींनी दोघांना एका बाकावर बसवलं तेव्हा कुठे मिटलं. मीटरवर 31 हजार आले होते. दारामागे तुझ्या अक्षरातला तो आकडा अजून आहे. लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे 31 किलो, दोन दिवसांत विभागून. तुझ्या आकड्याने म्हातारी वाचली असं मी मानतो.

स्वतंत्र हवेच्या पंपाचं भांडणही तूच जिंकलास. दुसऱ्या वायरवर, बॅटरीसकट एक हवेचा पंप लावून ठेव म्हणून तू निघायच्या दिवशीसुद्धा, गाडीत सामान चढवताना, मला ऐकवत होतास. धबधबा पुरतो, मी म्हणालो. आता लावलाय. त्याची घरघर बारीक आहे, आईच्या खोलीत ऐकू येत नाही. त्या रात्री तो असता तर बटण बंद करूनही काही झालं नसतं. हे मी रोज एकदा तरी मनात म्हणतो, आणि कोणापुढे म्हणता येत नाही. इथल्या लोकांना वाटतं, मासाच तर होता, दुसरा आणा. तो पेन्सिलीएवढा असताना तू त्याला बादलीत घालून मांडीवर धरून आणलं होतंस, हे त्यांना कुठे माहीत?

गेले दहा दिवस अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आहेत. मातकट बंड्या, तो आपला मिश्र जातीचा, खायला सगळ्यांच्या पुढे. म्हातारी चार घास घेते आणि कपारीखाली जाते. कल्ले गुलाबी आहेत, पर मिटलेले नाहीत, अंगावर डाग नाही. घाई करत नाही, थोडं थोडंच घालतो. नवीन मासा आणणार नाही. आणलाच तर महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच, तुझ्या नियमाने. कोईच्या हर्पिसचा विषाणू गोल्डफिशच्या अंगावरून कसा गुपचूप येऊ शकतो ते तू इतकं रंगवून सांगायचास की तुझी मुलगी, छोटी, गोल्डफिशला हात लावायची नाही. ती आता कितवीत? तुमचं नवं घर लागलं का? तुझ्या खांद्याचं काय झालं? वहिनींच्या बदलीचं लिहिलं होतंस ते छान झालं. तिकडे परसात जागा आहे म्हणालास, किमान दीड मीटर खोल घे, त्याहून कमी नको. या सगळ्यावर मी वेगळं लिहीन, नक्की.

आता ते खोटं.

त्या दिवशी दुपारी आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, 'काय छान झोप लागली रे रात्री. पिवळा दिसत नाही कुठे?' तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला होता. तिच्या झोपेसाठी मी काय केलं हे तिला कळलं असतं तर ती पुन्हा झोपली नसती, मी तिला ओळखतो. तोंडातून निघालं, 'तुझ्या लाडक्याने नेला. पहाटेच आला होता गाडी घेऊन.'

तिने जरा वेळ पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, 'माझी शस्त्रक्रिया झालेली, आणि मला न भेटता गेला?'

तेव्हापासून ती तुझ्यावर रुसली आहे. 42 दिवस. तुझं नाव निघालं की पदर सारखा करते आणि विषय बदलते. तू लहानपणापासून या घरात जेवढा वावरलास तेवढा माझा सख्खा भाऊ नाही, आणि तिला वाटतं तू मासा न्यायला आलास आणि तिच्या दारावरून परत गेलास. मला तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, आणि जितके दिवस जातात तितकं ते अवघड होतं. तुझ्या अंगाला हे चिकटवलं याची मला जमादारच्या मरणाइतकीच टोचणी आहे.

त्याला बकुळीच्या अलीकडे पुरलंय, तळं खणताना आपण दोघांनी माती टाकली होती त्या उंचवट्यावर. खड्डा मीच खणला, आईची झोप व्हायच्या आत. त्याआधी त्याचे दोन खवले काढून घेतले. तुझी ती हानाको आठवली म्हणून. जपानची लाल कोई, 1977 मध्ये गेली, खवल्यावरच्या कड्या मोजून वय 226 ठरवलेलं. किती भांडलो तिच्यावरून! खवला पडला की नवा येतो, त्याच्यावर जन्मापासूनच्या कड्या कुठून येणार, हा माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पण जमादार 19 वर्षांचा, हे तू म्हणायचास आणि मी पंधराच्या वर मानायचो नाही. काल रात्री भिंगाखाली धरला. सतराव्या कडीपर्यंत मी स्पष्ट मोजतो, मग त्या इतक्या दाटतात की डोळा ठरत नाही. दोन आणखी असतीलच. एक खवला याच पाकिटात आहे, कागदाच्या घडीत, उघडताना जपून. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

काल आईनेच विषय काढला. म्हणाली, 'जाऊ दे, पोरगं आहे, घाईत असेल.' रविवारी सकाळी ती तुला फोन करणार आहे, पिवळा नव्या पाण्यात रुळला का ते विचारायला. पत्र त्याआधी पोचावं म्हणून आजच टाकतोय. तू तिला काय सांगावंस हे मी सांगणार नाही, तो हक्क मला उरलेला नाही. खरं सांगितलंस तर मी तिच्या शेजारी बसलेला असेन. फक्त त्याआधी मला एक फोन कर, कितीही लवकर. पाचला मी तळ्यावर असतो.

तुझाच,
मी