दुकान साडेनऊला बंद, फलक मात्र पहाटेपर्यंत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

त्रिमूर्तीनगरात आमच्या घरासमोर गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक मोठे दुकान सुरू झाले. दुकान रात्री साडेनऊला बंद होते, पण वरचा एलईडी फलक पहाटेपर्यंत चालू असतो. दर पाच-सहा सेकंदांनी चित्र बदलते. पडदा ओढला तरी फटीतून उजेड येतो आणि भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली कधी निळी, कधी लाल पडते. सासूबाईंना उन्हाळ्यात गच्चीवर खाट टाकून झोपायची जुनी सवय. मे महिन्यात कूलरचा आवाज नको म्हणून वर गेल्या. बराच वेळ सप्तर्षी शोधले, मग डोळ्यांवर पदर घेतला, आणि मध्यरात्रीच उशी काखेत मारून खाली आल्या. अंगणातल्या कडुलिंबावर कोकीळ हल्ली रात्री दोनला ओरडतो.

मी दुकानमालकांना जाऊन भेटले. ते सभ्यपणे म्हणाले, "ताई, नियमात असेल तर दाखवा, लगेच बंद करतो." भोंगा असता तर दाखवला असता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ आता पोरांनाही पाठ आहे. उजेडासाठी तसे देशभर लागू असलेले नियमच नाहीत.

दुकानांनाच बोल लावून चालणार नाही. गल्लीत एक चोरी झाली आणि घरोघरी फाटकावर पांढरेफटक फोकस आले. बहुतेक आडवे लावलेले. येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जातो आणि फोकसखाली कोण उभे आहे ते दिसतच नाही. मी रस्त्यावर उभी राहून पाहिले आहे. आम्ही आमचा फोकस काढला. नऊ वॅटचा पिवळा बल्ब लावून वर पत्र्याची टोपी बसवली. आता पायरी, कडी, कुलूप सगळे नीट दिसते आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत काही जात नाही.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीच्या आभाळाचा काळोख जपणारे ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून फक्त खाली उजेड पाडणारे बसवले. ती गावे काही अंधारात गेली नाहीत. आपल्याच जिल्ह्यात जे जमले ते शहरात का जमू नये? फ्रान्समध्ये तर २०१३ पासून दुकानांच्या काचांमागचे दिवे रात्री एकच्या आत बंद करावे लागतात.

जाहिरात फलकाला महापालिकेची परवानगी लागतेच. त्याच परवानगीत अट घालावी: दुकान बंद झाल्यावर तासाभरात फलक बंद, आणि तोवरही रात्री त्याची चमक कमी. लग्नाच्या लॉनवरचे आभाळात फिरणारे झोत तर पूर्ण बंद करावेत, त्यांचा वऱ्हाड्यांनाही काही उपयोग नसतो. घरांसाठी दंडाची घाई नको. दिव्याचे तोंड खाली आणि स्वतःच्या आवारात, एवढे बंधन पुरे. दवाखाने, रात्रभर उघडी औषधांची दुकाने यांना सूट असावी. गणपती, देवीचे मंडप आणि दिवाळीलाही असावी, त्या उजेडाबद्दल कुणाची तक्रार नाही.

नवे फलक दसऱ्यापासून चढू लागतात. महापालिकेने त्याआधी निर्णय घेतला तर या वर्षीच्या परवानग्यांतच ही अट घालता येईल.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर