दुखायचं थांबलं तरी थांब

सातारा,
२१ जुलै

प्रिय संज्या,

काल रात्री फोनवर तू कबड्डी खेळताना मांडीच्या मागं कळ आल्याचं सांगितलंस, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. "तीन आठवड्यांनी मॅच आहे, तोवर होतंय की नीट," असं तू म्हणालास आणि मला पुढं काही बोलताच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. म्हणून सकाळी लवकर उठून लिहायला बसलोय. आधी सगळं वाच, मॅचचं नंतर ठरव.

माझं काय झालं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. क्रीडा संकुलाच्या मैदानावर शंभर मीटरच्या धावा मारत होतो. सहावी असेल. पाय पुढं टाकला आणि मांडीला मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी खरोखर वळून बघितलं, मागं कुणी नव्हतं. त्यानंतर पाय टेकवेना. तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसलो, तर मांडीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणापर्यंत काळंजांभळं पसरलेलं. दुखत होतं वर आणि डाग होता खाली. फाटलेल्या जागेतलं रक्त खाली उतरतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आई तर रडायलाच लागली. मग डाग हिरवट झाला, पिवळा झाला, दोन-अडीच आठवड्यांत दिसेनासा झाला. जिना चढताना दुखायचं थांबलं. मी अठराव्या दिवशी पळालो आणि त्याच जागी पुन्हा फाटलं, आधीपेक्षा जास्त. त्या वर्षीची हिल मॅरेथॉन मी यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी पावसात उभा राहून बघितली.

पुढं फिजिओकडं गेलो तेव्हा कळलं की मी काय चूक केली. मांडीच्या मागं तीन स्नायू आहेत. बसताना ज्या हाडावर भार येतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन धरतात. जोरात पळताना पाऊल टेकायच्या जरा आधी नडगी पुढं फेकली जाते आणि तिला आवरायचं काम या स्नायूंचं. उसानं भरलेली गाडी उताराला लागली की बैलांना ओढायचं नसतं, गाडी मागं धरायची असते. सगळा जीव तिथं लागतो. स्नायूचंही तसंच, लांब होता होताच त्याला जोर लावावा लागतो आणि बहुतेक वेळा तो तिथंच फाटतो.

फाटल्यावर पहिले काही दिवस शरीर आतली साफसफाई करतं. सूज येते ती त्यासाठीच. मग स्नायूच्या धाग्यांना चिकटून निपचित पडलेल्या पेशी जाग्या होतात, नवे धागे तयार करायला लागतात, आणि मधली फट कच्च्या व्रणानं सांधली जाते. सूज उतरली की दुखणं जातं, पण त्या सांध्यात अजून जीव आलेला नसतो. त्याला आणखी कितीतरी आठवडे लागतात. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटायची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते, आणि मैदानात परतल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे.

आता तुझ्याबद्दल. तू चढाईत कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावायला लांब ताणलास आणि कळ आली ती पार वर, बसायच्या हाडापाशी. हे ऐकून मला जास्त काळजी वाटली. पळताना झालेली इजा पहिल्या दिवशी भयंकर वाटते, पण तुलनेनं लवकर भरते. ताणून झालेली, हाडाजवळची इजा सुरुवातीला किरकोळ वाटते आणि बरी व्हायला कितीतरी जास्त वेळ घेते. "मला चालता येतंय की" यावर जाऊ नकोस. क्वचित स्नायूचं टोक हाडापासूनच सुटतं. तसं असलं तर कधी कधी ऑपरेशन लागतं, आणि ते उशिरा केलं तर अवघड होतं. मिरज तुझ्या दारात आहे. हाडांच्या डॉक्टरांना दाखव, ते म्हणाले तर एमआरआय कर.

आणि तालमीतल्या कुणालाही मांडीला हात लावू देऊ नकोस. मालिशनं मोकळं होतं ते मेहनतीनं भरून आलेलं अंग. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी येणारा तो ठणका वेगळा आणि फाटलेला स्नायू वेगळा. ताज्या जखमेवर चोळलं की रक्तस्राव वाढतो. मार लागलेला स्नायू फार रगडला तर त्यात हाड तयार झाल्याचीही उदाहरणं आहेत. गरम शेकही आत्ता नको. क्रेप बँडेज बांध, झोपताना पाय उशीवर ठेव. बर्फानं ठणका कमी होतो, पण दिवसभर लावून बसू नकोस. विश्रांती आणि बर्फाचा मंत्र १९७८ साली ज्यांनी दिला, त्या अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढं सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींनी भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून डॉक्टर हो म्हणाले की दुखणार नाही इतपत घरातल्या घरात चालत राहा.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण मला बरं त्यानंच केलं. आधी उताणं झोपून कंबर उचलायची, मग वजन, आणि स्नायूत बऱ्यापैकी बळ आल्यावर तो गुडघ्यांवरचा व्यायाम. टॉवेलवर गुडघे टेकायचे, कुणीतरी मागं घोटे दाबून धरायचे आणि आपण अंग ताठ ठेवून सावकाश पुढं झुकायचं. माझे घोटे आई धरायची. रोज संध्याकाळी, देवापुढं दिवा लावून झाला की. पहिल्या दिवशी मी चार बोटंही झुकलो नाही, धाडकन हातांवर पडलो. तिसऱ्या महिन्यात जवळजवळ जमिनीपर्यंत सावकाश जाता यायला लागलं. ज्या संघांनी हा व्यायाम नेमानं केला, त्यांच्यात या स्नायूच्या इजा जवळपास निम्म्यानं कमी झाल्या. तुझ्या पोरांनाही लाव.

दोन्ही पायांचा जोर सारखा झाला, पुरत्या वेगानं बरेच दिवस पळून काही झालं नाही, खोल चढाई करताना मनात धाकधूक राहिली नाही, की मग खेळ. ही मॅच जाऊ दे, संज्या.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी सांगलीला येतोय. मिरजेला आपण दोघं जाऊ. काकूंना सांग, जेवायला आहे. आणि घोटे धरायची वेळ येईल तेव्हा दर रविवारी येईन.

तुझा,
अव्या

ता. क. तोवर स्कूटरला किक मारू नकोस. चावी काकूंकडं दे.