झालर काढा, मग मांजराला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं छंदांचं पान मी आधी वाचते आणि अग्रलेख नंतर. राग मानू नये. गेल्या रविवारी त्या पानावर क्रोशाने विणायच्या मांजराच्या गादीची कृती आली होती. सोबत लोकरीत गुरफटलेल्या पिल्लाचा मोठा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'लोकर आणि माऊ, जन्मोजन्मीची जोडी!' ज्यांनी ही जोडी जमवली त्यांच्या घरात मांजर नसावं, नाहीतर लोकर तरी नसावी. माझ्या घरी दोन्ही आहेत. ठमी नावाची भाटी, बंड्या नावाचा बोका आणि एक कपाटभर लोकर. या तिघांना एका छताखाली नांदवणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

तो फोटो पुन्हा एकदा काढून बघा. पिल्लाच्या गळ्याभोवती दोन वेढे आहेत, तिकडे लक्ष जातंच. पण तिसरा पदर त्याच्या तोंडात आहे, आणि खरी गोम तिथे आहे. मांजराची जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर बारीक काटे असतात. आपली नखं ज्या केराटिनची बनतात त्याचेच ते बनलेले असतात आणि त्यांची टोकं घशाच्या दिशेने वळलेली असतात. हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात आणि त्यातून लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत जाते, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. अंग चाटून स्वच्छ ठेवायला ही सोय उत्तम. धाग्याच्या बाबतीत मात्र तीच मुळावर येते. काट्यांत अडकलेला धागा मांजराला थुंकता येत नाही. ते जीभ हलवत राहतं आणि प्रत्येक हालचालीनिशी धागा आणखी आत सरकतो. म्हणजे ते हौसेने गिळतं असं नाही, त्याला गिळण्यावाचून गत्यंतर नसतं.

पुढे काय होतं ते शिवणकाम करणाऱ्यांना चटकन समजेल. कापडात धावदोरा घातला, एक टोक गाठीने अडकवलं आणि दुसरं ओढलं की चुण्या पडतात. मांजराच्या पोटात हेच घडतं. धाग्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर जठराच्या तोंडाशी अडकून बसतं, उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडं आपल्या सवयीने तो पुढे ढकलायला जातं आणि स्वतःच धाग्यावर गोळा होत जातं. ताणलेला धागा आतड्याच्या भिंतीला करवतत राहतो. ती फाटली तर संसर्ग सगळ्या पोटात पसरतो.

आमच्या विणकामाच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या बोक्याच्या बाबतीत हे झालं. त्याने उलट्या केल्या, खाणं सोडलं आणि पलंगाखाली जाऊन बसला. 'पोटात केसांचा गोळा असेल, पडेल उद्या' असं घरातल्या जाणत्यांनी सांगितलं. मैत्रिणीने ऐकलं नाही ते बरं केलं. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं, जबड्याखालून अंगठ्याने जीभ वर उचलली, तेव्हा जिभेच्या मुळाशी केसाएवढी निळी रेघ दिसली. तो शिवणाचा दोरा होता आणि जिभेला फास बसल्यासारखा मांसात रुतला होता. क्ष-किरणात दोरा दिसत नाही, पण गोळा झालेलं आतडं दिसलं. आतडं एका जागी उघडून भागलं नाही, कारण असा धागा एकीकडून ओढून काढता येत नाही. तो जागोजागी कापून, तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो. बोका वाचला आणि आज मैत्रिणीच्या पडद्यांवर चढतो आहे.

यातून वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मांजराच्या तोंडातून धागा लोंबताना दिसला किंवा मागच्या बाजूने बाहेर आलेला दिसला, तर तो ओढायचा नाही. दुसरं टोक आत कशात अडकलंय हे आपल्याला दिसत नसतं. उलटी करवण्याचा घरगुती उपायही करायचा नाही. मांजर उचलायचं आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

आता आपल्या कृतीकडे वळते. गादी छान आहे, कल्पनेबद्दल तक्रार नाही. पण तिला कडेने झालर आहे, चार कोपऱ्यांना गोंडे आहेत, समोरच्या बाजूला मांजराचा चेहरा करून गुंड्यांचे डोळे लावलेत आणि कमी पडलं म्हणून गळपट्टीसारख्या फितीला घुंगरू बांधलेत. गोल गादीला कोपरे चार कुठून आले हे विचारत नाही. पण ही गादी माणसाच्या डोळ्यांना खूश करायला केली आहे. मांजराच्या दृष्टीने झालर म्हणजे ओळीने लावून ठेवलेल्या शेपट्या, आणि ते त्या एकेक करून उपटणार. बंड्याला अशी झालर दिली तर दुसऱ्या दिवशी ती मला त्याच्या वाळूच्या तसराळ्यात शोधावी लागेल, आणि तिथे सापडली तर नशीब चांगलं म्हणायचं.

कृतीत हिशेबाचीही चूक आहे. खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. बुटक्या मुक्या खांबाचं सपाट वर्तुळ विणायचं तर पहिल्या ओळीत सहा टाके घेतात आणि पुढे दर ओळीला सहा वाढवतात. उंच खांबाचं विणायचं तर बारापासून सुरुवात आणि दर ओळीला बारा वाढ. टाका जितका उंच तितका ओळीचा घेर जास्त वाढतो, म्हणून वाढही जास्त लागते. आपण उंच खांब सांगितलेत आणि वाढ सहाचीच ठेवली आहे. अशाने तळ सपाट बसत नाही, चार-पाच ओळींतच कडा वर उचलतात आणि त्याची टोपी होते. ही चूक मात्र मांजराच्या पथ्यावर पडणारी आहे. चारी बाजूंनी कडा वर आलेली, अंगाला अंग लागेल अशी जागा त्यांना सपाट गादीपेक्षा प्रिय असते. नेदरलँड्समधल्या एका निवाराघरात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाहीत. खोकेवाली मांजरं तिथे लवकर रुळली, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा ज्या भगिनींची गादी बिघडून टोपी झाली असेल त्यांनी ती उसवू नये. मांजराला दाखवून बघावी.

त्याच पानावर 'बाजारात मशीनवर विणलेले क्रोशाचे रुमाल स्वस्तात मिळतात' असं एक वाक्य ओघात येऊन गेलं. ते चुकीचं आहे. सुयांवरचं विणकाम यंत्राने होतं, पण क्रोशाचा खरा टाका घालणारं यंत्र बाजारात नाही. यंत्रावर त्याच्यासारखी दिसणारी जाळी निघते, ती वेगळी. खरा क्रोशा जिथे कुठे स्वस्तात मिळतो, तिथे तो कुणाच्या तरी हातांनीच केलेला असतो. त्या हातांना काय मिळालं असेल, यावर आपण कधीतरी वेगळा लेख छापावा.

आणि 'जन्मोजन्मीची जोडी' म्हणाल तर हिशेब असा आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आणि तिच्याबद्दल २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाबरोबर घासून गुळगुळीत केलेले दगड, गारेची हत्यारं आणि शिंपले ठेवले होते, आणि त्याच्यापासून जेमतेम चाळीस सेंटीमीटरवर साधारण आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. दगड घासत बसलेल्या त्या माणसाच्या हाताखाली मांजर लुडबुडत असणार यात मला तरी शंका नाही. क्रोशा मात्र जगभर पसरला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे मांजराची जोडी जमली ती हाताने काही करत बसणाऱ्या माणसाशी. लोकर फार उशिरा आली आणि ती कुणी मांजराला विचारून आणली नाही.

मग विणायचं बंद करायचं का? मुळीच नाही. माझ्याकडे लोकर झाकणाच्या डब्यात असते आणि झाकणाला एक भोक आहे. धागा तिथून बाहेर येतो, गुंडा आतच गरगरतो. उठताना सुई, धागा आणि अर्धं काम, सगळं डब्यात जातं. पाच मिनिटांसाठी उठले तरी जातं, कारण ठमीला पाच मिनिटं पुष्कळ होतात. शिवणाच्या सुईत दोरा ओवून ती गादीत टोचून ठेवायची जुनी सवय मांजर असलेल्या घरात सोडलेली बरी. दोऱ्याच्या मागे सुईही पोटात जाते. कापलेले तुकडे जमिनीवर न टाकता मनगटाला बांधलेल्या छोट्या पिशवीत टाकते. मुलगा हसतो, हसू दे.

खेळायला मांजराला धागा लागतच नाही. त्याला हलणारी वस्तू लागते. आपण रंगीबेरंगी गुंडे आणून ठेवतो ते आपल्यासाठी. मांजराच्या डोळ्यांना लाल रंग फारसा कळत नाही, हालचाल मात्र मंद उजेडातही नेमकी टिपता येते. काडीला बांधलेलं पीस हातात धरून फिरवावं, थोडा वेळ पळवावं, शेवटी पकडू द्यावं आणि काडी कपाटात ठेवून द्यावी. साबणाच्या कोमट पाण्यात लोकर चोळून केलेला घट्ट चेंडूही चालतो. लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकून तो इतका आवळतो की त्याचा सुटा धागा निघत नाही. पण सयामी आणि बर्मीज जातीच्या मांजरांत लोकर चोखायची, चघळायची खोड बऱ्याचदा दिसते. अशांना हा चेंडूही नको.

मांजर मांडीवर बसून पंजे दाबू लागलं की अंगावरच्या स्वेटरचा टाका ओढला जाणारच. पिल्लू आईचं दूध ओढताना हेच करतं आणि मोठेपणी सवय सुटत नाही, त्याला कोण काय करणार. ओढला गेलेला फासा कात्रीने कापणारे लोक मी पाहिलेत, त्यांना पुढे भोकं रफू करत बसावं लागतं. बोथट टोकाची जाड सुई घ्यावी आणि फाशाच्या शेजारचा टाका तिने किंचित उचलावा. जादा धागा त्यात थोडा सरकतो. मग त्याच्या पलीकडचा टाका, मग त्याच्या पलीकडचा, असं दोन्ही बाजूंना ओळीने करत गेलं की फासा हळूहळू गिळला जातो. शेवटी ओल्या हाताने ती जागा ताणून सपाट करावी. कुठे ओढलं गेलं होतं ते दुसऱ्या दिवशी मलाच सापडत नाही.

बाकीचे छंद करणाऱ्यांसाठी थोडक्यात. फुगणारा पॉलियुरेथेनचा गोंद पोटात गेला तर तिथेही फुगतो आणि दगड होतो. मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्यांनी टी ट्री तेल मांजरापासून लांब ठेवावं. अशी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायला मांजराचं यकृत माणसाच्या मानाने फार कच्चं असतं. फुलांची सजावट करणाऱ्यांनी लिली घरात आणूच नये. तिचे अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे आणि जे हाताने केलेल्या वस्तू विकतात, त्यांनी गिऱ्हाईकाला तसं सांगावं. लोकांना त्रास होतो तो मांजराच्या केसाने नव्हे, त्याच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत तयार होणाऱ्या प्रथिनाने. ते लोकरीला चिकटून राहतं आणि वरून केस वेचून काढले म्हणून जात नाही.

आपल्याकडे मागणं एवढंच आहे. लोकरीत गुंतलेल्या मांजरांचे फोटो छापणं थांबवावं. ते बघून लोक घरी तसेच फोटो काढायला जातात आणि मांजराच्या पुढ्यात मुद्दाम गुंडा सोडतात. गादीची कृती मात्र पुन्हा छापावी. मी ती दुरुस्त करून सोबतच्या कागदावर लिहिली आहे. झालर, गोंडे, गुंड्या, घुंगरू, सगळं काढलंय. टाके घट्ट घ्यायला सांगितलेत, म्हणजे नख अडकायला जागा राहत नाही. धाग्याची शेवटची शेपूट सुईने तीन दिशांना ओवायला सांगितली आहे, एकाच दिशेने ओवली तर ती धुण्यात सुटते. लोकर ॲक्रिलिकची घ्यावी, मशीनमध्ये धुता येते आणि मांजराची गादी वरचेवर धुवावी लागतेच. निवाराघरांना पांघरुणं विणून देणाऱ्यांनाही हीच कृती चालेल, फक्त मधलं वर्तुळ न विणता सरळ चौकोन विणावा.

जागा कमी पडली तर हे पत्र हवं तेवढं कापा. ओळींचे आकडे मात्र कापू नका आणि छापण्याआधी ज्याला क्रोशा येतो अशा कुणाकडून तरी एकदा ताडून घ्या.

आपली,
छंदांचं पान आधी वाचणारी एक वाचक