लोकांनी असं का केलं, हे कुणाला विचारायचं?

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, इथे ऑस्ट्रेलियात मत नेमकं कसं देतात आणि ते ‘पसंतीक्रम’ प्रकरण काय आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर हे नीट सांगून होत नाही. मध्येच आई ‘जेवलीस का’ म्हणते आणि विषय राहून जातो. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. पत्र लांबेल, दोन बैठकीत वाचा.

भारताचा पासपोर्ट परत केला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही. सांगलीच्या मतदार यादीत आता माझं नाव राहणार नाही, बोटाला शाई लागणार नाही. त्यामुळे ३ मे २०२५ला इथे पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा मी सगळं बारकाईने पाहिलं. तुम्ही इतकी वर्षं इलेक्शन ड्यूटी केलीत, पेट्या सांभाळत रात्री शाळेत झोपलात, तेव्हा तुम्हालाच हे सगळ्यात जास्त आवडेल.

इथे मतदान शनिवारी असतं आणि ते सक्तीचं आहे, देशपातळीवर १९२४ पासून. कारण न देता गैरहजर राहिलं तर २० डॉलर दंड. शाळेच्या फाटकाशी सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते पत्रकं घेऊन उभे असतात. आपल्याकडे केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार केला तर तुम्ही पोलीस बोलावले असते. इथे ते शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांना पाणी देत होते. बाजूला पालकांचा स्टॉल, भाजलेलं सॉसेज आणि ब्रेड विकायला, पैसे शाळेला. आत गेल्यावर ओळखपत्र कुणी मागितलं नाही. नाव काय, पत्ता काय आणि या निवडणुकीत आधी मत दिलंय का, एवढंच विचारलं. मग हातात हिरवा कागद आला आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला एक पेन्सिल. हो बाबा, पेन्सिल!

त्या कागदावर एका नावापुढे शिक्का मारून मोकळं होता येत नाही. जितके उमेदवार तितके आकडे लिहायचे. सगळ्यात पसंत त्याला १, त्यानंतरचा २, असं करत अगदी नकोशा माणसालाही त्याचा नंबर द्यायचा. मला पहिल्या नंबरला वेळ लागला नाही. वेळ लागला तो खालच्या दोघांना. दोघेही मनातून उतरलेले, तरी त्यातला कोण जास्त नको हे ठरवावं लागलं. पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ तिथे उभी होते. ज्यांना आपण नाकारतो त्यांच्यातही फरक करायचा, हे कधी कुणी आपल्याकडून मागितलेलंच नव्हतं.

मोजणी त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत, हाताने सुरू होते. कुणालाच निम्म्याच्या वर मतं नसतील तर सगळ्यात तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं, ज्याला २ लिहिलंय त्याच्याकडे जातात. असं करत करत दोघंच उरेपर्यंत. मेलबर्न नावाच्याच मतदारसंघात त्या निवडणुकीत ग्रीन्स पक्षाचे तेव्हाचे नेते अ‍ॅडम बँट यांना पहिल्या पसंतीची सुमारे ३९ टक्के मतं पडली आणि सत्ताधारी लेबर पक्षाच्या सारा विटी यांना सुमारे ३१. आपल्या पद्धतीत बँट आरामात निवडून आले असते. पण बाकीच्यांची मतं वाटली गेल्यावर विटी पुढे निघाल्या आणि पक्षाचा नेताच पडला. सिडनीच्या ब्रॅडफील्डमध्ये तर फेरमोजणी होऊन निकोलेट बूली २६ मतांनी आल्या, तोवर जून उजाडला होता.

निकालाच्या रात्री आम्ही टीव्हीसमोर होतो. लेबरला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या आणि विरोधी पक्षनेते पीटर डटन २००१ पासून ताब्यात असलेली स्वतःची जागाही हरले. ज्यांनी हरवलं त्या अली फ्रान्स यांचा मुलगा हेन्री आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. डटन हार मान्य करायला उभे राहिले तेव्हा त्यांनी त्या मुलाचं नाव घेतलं, आज त्याला आईचा अभिमान वाटला असता असं म्हणाले. मी त्यांना मत दिलं नव्हतं. तरी ते ऐकून मला भरून आलं.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. मोजणी सुरू होऊन तास-दीड तास झाला असेल, आणि लोकांनी असं का केलं याची कारणं यायला लागली. ट्रम्प यांची भीती, महागाई, डटन यांचा स्वभाव, बायकांचा राग. प्रत्येकजण ठामपणे बोलत होता. बाबा, मी माझं मत पाळणाघराच्या खर्चाकडे बघून दिलं. महिन्याच्या पगारातला केवढा भाग तिकडे जातो ते तुम्हाला माहीत आहे. निखिलने मत दिलं त्याच्या कंपनीतल्या नोकऱ्यांचा विचार करून. आमचे आकडे वरपासून खालपर्यंत अगदी सारखे आले, कारणं मात्र पूर्ण वेगळी. मोजणीच्या टेबलावर दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यात गेले. त्या गठ्ठ्याकडे बघून कारण कोण सांगणार?

याच देशात २०१० साली निवडणूक झाली तेव्हा पंतप्रधान जूलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांच्यातला टीव्हीवरचा वादविवाद २५ जुलैच्या रविवारी होता, आणि नेमकी त्याच संध्याकाळी मास्टरशेफ या स्वयंपाकाच्या स्पर्धेची अंतिम फेरी. तेव्हा वादविवादाची वेळ बदलली, मास्टरशेफची नाही! नेते साडेसहाला बोलून मोकळे झाले आणि मग जवळपास ४० लाख लोकांनी अ‍ॅडम लियाओला जिंकताना पाहिलं, दोन कोटी वीस लाखांच्या देशात. तेव्हाच्या पेपरांत यावर खूप नाराजी उमटली होती म्हणे. मला त्यात लोकांचं काही चुकलं असं वाटत नाही. पुढे २१ ऑगस्टला मतदान झालं आणि निकाल दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा असा अडकला. लोक बोलले आहेत, पण ते नेमकं काय बोलले हे कळायला वेळ लागेल, अशा अर्थाचं अमेरिकेचे माजी अध्यक्ष क्लिंटन यांचं वाक्य गिलार्ड यांनी त्या रात्री सांगितलं. सरकार कुणाचं हे ठरायला ७ सप्टेंबर उजाडला. कौल मिळाल्यावर इतकं खरं बोलणारा नेता मी दुसरा पाहिलेला नाही.

आई, आता तुझा विषय. उषा नाडकर्णी हिंदी सेलिब्रिटी मास्टरशेफमध्ये होत्या तोवर तू एक भाग चुकवला नाहीस. त्या गेल्यावर तुला राग आला, पण गौरव खन्ना जिंकला आणि आपली निक्की तांबोळी दुसरी आली तोपर्यंत बघत राहिलीस. मी तुला विचारलं होतं, उषाताई गेल्या तरी कशाला बघतेस? तू म्हणालीस, ‘ते सांगतात गं काय चुकलं ते.’ मला ते वाक्य इथे रोज रात्री आठवत होतं, कारण तुझं संपल्यावर थोड्याच दिवसांत आमच्याकडे ऑस्ट्रेलियाचं मास्टरशेफ चालू झालं होतं, निवडणुकीच्या आठवड्यातच सुरू झालेलं.

परीक्षक ताट समोर आल्यावर काय करतात ते तू पाहिलंयस. आधी वास घेतात. मग चमचा थेट तळापर्यंत घालतात, म्हणजे सगळे थर एका घासात यावेत. थांबतात. आणि मग सांगतात: मासा मिनिटभर जास्त राहिला, आंबट कमी पडलं, खालचा थर ओला झाला. समोरच्याला रडू येतं, पण त्याला कळतं. तूही आमटी पळीने तळहातावर घेऊन चाखतेस आणि एका शब्दात सांगतेस, ‘गूळ.’ वाद संपतो, कारण तू चाखलेलं असतं. परीक्षकांतल्या पो लिंग याओ स्वतः २००९ मध्ये, पहिल्याच पर्वात, अंतिम फेरीत हरलेल्या आहेत. दुसऱ्याला बाद करताना त्यांचा आवाज बदलतो, मला तो ऐकावासा वाटतो.

२०२५च्या या पर्वात जुनेच स्पर्धक परत बोलावले होते. ऑगस्टमध्ये शेवटी उरले लॉरा शॅराड आणि कॅलम हॅन. लॉरा २०१४ आणि २०२० मध्ये दुसरी आली होती. कॅलम म्हणजे तोच, २०१०च्या त्या रविवारी लियाओकडून हरलेला विशीतला पोरगा. लॉरा जिंकली, कॅलम पुन्हा दुसरा. नुसता निकाल वाचला तर वाटेल, पंधरा वर्षांत त्याचं काही पुढे सरकलं नाही. पण त्याचा प्रत्येक पदार्थ कुणीतरी खाऊन, त्यात काय जमलं ते बोलून दाखवलं होतं. २०२१ मध्ये किश्वर चौधरीने अंतिम फेरीत पांता भात केला होता, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात आणि सोबत बटाट्याचं भरीत. ती तिसरी आली. आज इथल्या बंगाली मैत्रिणी तिचंच नाव घेतात.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते लिहिते. बाबा, तुम्ही आणि अण्णाकाका बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. जून २०२४ला लोकसभेचा निकाल आला: महाविकास आघाडी ३०, महायुती १७ आणि आपल्या सांगलीत तिसरंच, अपक्ष विशाल पाटील. काका म्हणाले, लोक शहाणे आहेत. तुम्ही म्हणालात, लोकांची दिशाभूल झाली. नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीला २८८ पैकी २३०च्या वर जागा मिळाल्या, तेव्हा वाक्यं तीच राहिली, बोलणारे बदलले. साडेपाच महिन्यांत मतदार तेच होते. जूनमध्ये सगळे कांदा, सोयाबीन आणि संविधान म्हणत होते, नोव्हेंबरात सगळे लाडकी बहीण म्हणायला लागले. असतीलही ती कारणं. पण तुमचं भांडण निकालावरून झालंच नाही. निकाल दोघांनाही मान्य होता. भांडण झालं ते ‘लोकांनी असं का केलं’ यावरून, आणि ते दोघांनाही माहीत नाही. टीव्हीवरच्या लोकांनाही माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणी चाखलेलं नाही.

मी तुम्हाला समजवायला बसलेय असं समजू नका. तुमचा राग खरा आहे, काकांचाही खरा आहे. राजकारण सोडून द्या, असंही मी कधी म्हणणार नाही. तुम्ही दोघांनी त्या ओसरीवर बसून वाद घातलेत म्हणून मला लहानपणापासून निवडणूक ही मोठी गोष्ट वाटते. पण तुम्ही दोघं सत्तरीच्या पुढे आहात, दोन गल्ल्यांचं अंतर आहे, आणि गणपतीत त्यांनी आरतीला यावं आणि तुम्ही त्यांच्याकडे जावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे गेलात की लोकांचं काही विचारू नका. त्यांनी स्वतः कुणाला मत दिलं आणि कशासाठी, एवढं विचारा. सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका. मग तुमचं सांगा.

आणि काकूलाही विचारा. लाडक्या बहिणींनी काय केलं यावर तुम्ही दोघं किती बोललात, पण काकू त्याच घरात चहा करत होती आणि तिला कुणी काही विचारलं नाही. आई, तुलाही मी कधी विचारलं नाही आणि बाबांनीही विचारल्याचं मला आठवत नाही. तू जूनमध्ये काय केलंस, नोव्हेंबरात काय केलंस? कुणाला दिलंस ते नको सांगूस, ते तुझं तुझ्यापाशी. पण कशासाठी दिलंस तेवढं मला लिही. फोनवर नको, बाबा ऐकत असतात. पत्रातच लिही.

निखिलचा नमस्कार. आम्ही दिवाळीला येतोय, तिकिटं झाली.

तुमची,
सुमी