अर्काच्या बातमीत संयुगाचा पत्ता असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक औषधी वनस्पतीच्या अर्काने घातक जिवाणूंचा नायनाट केला, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. त्यांमागचे प्रयोग खोटे असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मात्र त्यांत बहुधा कामाचा पहिला टप्पाच सांगितलेला असतो आणि औषध जवळजवळ तयार झाले आहे, असा समज वाचकाच्या मनात राहतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेली वाचक या नात्याने याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

या बातम्यांसोबत छापले जाणारे छायाचित्र साधारणपणे एकच असते: पेट्री डिशमध्ये पसरलेली जिवाणूंची दुधी साय आणि अर्क लावलेल्या कागदी चकतीभोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ. हे वर्तुळ दिसायला प्रभावी असले, तरी त्याच्या व्यासावरून अर्काची ताकद ठरवता येत नाही. डिशमधले आगर, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठीचे जेलीसारखे माध्यम, पाणीदार असल्याने पाण्यात सहज विरघळणारे दुबळे संयुगही त्यात दूरवर पसरते, तर तेलकट स्वरूपाचे जोरकस संयुग चकतीपाशीच अडकून राहते आणि त्याचे वर्तुळ लहान दिसते. म्हणून खरी विचारणा करायची ती किमान अवरोधक संहतीची, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत एमआयसीची: जिवाणूंची वाढ रोखायला मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम पदार्थ लागतो? अर्काला मिलिलिटरमागे १००० मायक्रोग्रॅमहून अधिक, आणि शुद्ध संयुगाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक मात्रा लागत असेल, तर तो परिणाम फारसा दखलपात्र नाही, असे या क्षेत्रातील जाणकार बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. तुलनेसाठी सांगायचे, तर सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला दाद देणारा ई. कोलाय हा जिवाणू त्या औषधाच्या मिलिलिटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या मात्रेने रोखला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की ‘प्रतिजैविकाला पर्याय’ हे शब्द मथळ्यात वापरताना हात आपोआप आखडेल.

अर्क म्हणजे शेकडो संयुगांचे मिश्रण. त्यांपैकी जिवाणूंना रोखणारे नेमके कोणते, हे शोधणे हाच या शास्त्राचा गाभा आहे आणि तो अतिशय चिकाटीचा भाग आहे. मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क प्रथम हेक्झेन, इथाइल ॲसिटेट अशा निरनिराळ्या द्रावकांत विभागला जातो, प्रत्येक भागाची जिवाणूंवर चाचणी होते, जो भाग परिणामकारक ठरेल तोच सिलिकाच्या स्तंभातून पुन्हा विभागला जातो आणि हा क्रम एकच संयुग हाती येईपर्यंत चालू राहतो. यातील एक पद्धत पाहण्यासारखी असते. अर्कातील घटक सिलिकाच्या पातळ पट्टीवर वेगवेगळ्या उंचीला विलग केल्यावर तिच्यावर जिवाणू मिसळलेले आगर ओततात, पट्टी रात्रभर उबेत ठेवतात आणि सकाळी तिच्यावर एमटीटी या पिवळ्या रसायनाचा फवारा मारतात. जिवंत जिवाणू त्याचा रंग गडद जांभळा करतात. जिथे वाढ रोखली गेली आहे, तिथे जांभळ्या पार्श्वभूमीवर फिकट ठिपका उरतो. पुढचे सारे काम त्या ठिपक्याचा माग काढण्याचे असते. किलोभर वाळलेल्या पानांतून शेवटी काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ मिळतो, एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या रेणू ओळखण्याच्या तंत्रांनी त्याची रचना ठरते, आणि पुष्कळदा असे निष्पन्न होते की ते संयुग जुनेच, पूर्वी कोणीतरी नोंदवून ठेवलेले आहे. याच कारणासाठी ओळखीची संयुगे सुरुवातीलाच वगळण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.

कधी कधी तर अर्क वेगळा करत जावा तसतसा परिणामच नाहीसा होतो, आणि माझ्या मते हा या विषयाचा सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. लसणीचे उदाहरण घ्या. अखंड पाकळीत ॲलिसिन हे तिचे जिवाणूरोधक संयुग जवळजवळ नसतेच. पाकळी ठेचल्यावर ॲलिइनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने ते तयार होते. पाकळी आधीच उकळली, तर विकर निकामी होतो आणि ॲलिसिन बनतच नाही. कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये हे संयुग वेगळे केले, त्याची जिवाणूरोधक क्षमताही दाखवली. परंतु ते अस्थिर आहे आणि शरीरातील गंधकयुक्त रेणूंशी चटकन संयोग पावते, त्यामुळे पोटात किंवा शिरेतून देण्याजोगे प्रतिजैविक त्यातून घडले नाही.

दारुहळदीच्या वंशातील वनस्पतींची कथा याहून वेगळी आहे. त्यांतील बर्बेरिन हे पिवळे अल्कलॉइड एकटे वापरले, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्या पेशीपटलातील नॉर-ए नावाच्या पंपाने ते बाहेर फेकून देतो. याच वंशातील एका वनस्पतीच्या पानांत हा पंप बंद पाडणारे दुसरे संयुग असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. ते संयुग स्वतः जिवाणूंना रोखत नाही. म्हणजे नेहमीच्या चाळणीत ते निरुपयोगी म्हणून सहज फेकले गेले असते! वनस्पतींकडून केवळ नवे प्रतिजैविक मागण्यापेक्षा, आहे त्या औषधांना बळ देणारे असे साहाय्यक रेणू मागावेत, हा विचार मला अधिक आशादायक वाटतो.

फसव्या निकालांबाबतही सावध राहिले पाहिजे. टॅनिने ही वनस्पतींतील तुरट द्रव्ये प्रथिनांना सरसकट चिकटतात. हळदीतील कर्क्युमिन अस्थिर आहे, प्रकाश पडल्यावर स्वतःच चमकते आणि अनेक प्रकारच्या चाचण्यांत ढवळाढवळ करून गुणकारी असल्याचा आभास निर्माण करते. शिवाय जो पदार्थ जिवाणूंबरोबर माणसाच्या पेशीही मारतो, तो औषध ठरत नाही. ही तपासणी झाली आहे की नाही, हे बातमीत क्वचितच लिहिलेले असते.

हा सारा आग्रह कशासाठी, तर प्रश्न गंभीर आहे म्हणून. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आज वापरात असलेली बहुतेक नैसर्गिक प्रतिजैविके बुरशी आणि मातीतील जिवाणू यांच्याकडून मिळालेली आहेत. वनस्पतींचे विशाल भांडार त्या मानाने अद्याप कमीच धुंडाळले गेले आहे. त्याचे मोल मला पूर्णपणे मान्य आहे, आणि नेमक्या त्यामुळेच अर्धवट बातमी वाचून एखाद्या रुग्णाने डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच थांबवून घरगुती अर्क घ्यायला सुरुवात केली, तर होणारे नुकसान मला अधिक बोचते.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की, अशी बातमी देताना वनस्पतीचा कोणता भाग कोणत्या द्रावकात वापरला, किमान अवरोधक संहती किती आली, तुलनेसाठी कोणते प्रतिजैविक घेतले आणि संयुग ओळखले गेले आहे का, एवढे तरी संशोधकांना विचारावे व उत्तरे छापावीत. एखादा अर्क निष्प्रभ ठरल्याचे सांगणाऱ्या प्रयोगांनाही अधूनमधून दोन ओळी मिळाव्यात, कारण असे निकाल प्रसिद्ध होत नसल्याने तीच वनस्पती त्याच द्रावकात वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा तपासली जाते आणि विद्यार्थ्यांची वर्षे त्यात खर्ची पडतात.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका