यवतेश्वरचा उतार

सातारा, रविवार रात्र

प्रिय वैशू,

फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसते अंगठे पाठवले, सगळं मान्य. त्यावरचं भांडण नंतर. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, आईची शुगर काबूत. आज तापोळ्याहून साताऱ्यात उतरले. आंघोळ-जेवण उरकून लगेच लिहायला बसले, कारण जे झालं ते घरात बोलले तर उद्यापासून सायकल माळ्यावर जाईल. तू फार तर हसशील.

तर, सकाळपासून. तापोळ्याला धुकं इतकं की जमीन कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. डिसेंबरात कोयना धरणाचा शिवसागर चांगला भरलेला असतो. लाँचवाल्या मामांनी सायकल बॅगांसकट आडवी करून दोरीनं बांधली आणि विचारलं, "हिचं हाफ तिकीट लावू का फुल?" पाण्याच्या मध्यावर त्यांनी बोलता बोलता बोट खाली केलं. "हितं आमचं गाव." कोयनेचं पाणी चढलं साठच्या दशकात, मामा तेव्हा जन्मलेही नसतील, पण बोट कसं नेमक्या एका जागी. मग पुन्हा तंबाखू, पुन्हा हवापाण्याच्या गप्पा. बामणोलीला चहा मारला आणि कासच्या चढाला लागले.

चढाचं मला काही वाटत नाही, हे तुला माहीत आहे. सगळ्यात हलका गिअर, पुढं 32 दाती, मागं 51, आणि तोंडानं जमेल तसं गाणं. "ताई, एकट्याच?" हे विचारणारे भेटले, त्यांना नेहमीचं उत्तर दिलं: मैत्रीण मागून येतेय. म्हणजे तू. या वेळी सबंध ट्रिपभर तू माझ्या मागून येत होतीस, फार हळू चालवतेस.

पठारावर चाक घातलं नाही, शपथ. 2012 पासून ते जागतिक वारशात आहे म्हणून नव्हे, तुझ्या धाकानं. फुलांचा मागमूस नव्हता, नुसतं पिवळं गवत आणि काळा कातळ. गर्दी नाही, कणसं नाहीत, सेल्फी नाहीत. कास मला असंच आवडतं. तलावाची भिंत उंच केल्यापासून तलाव आपला वाटत नाही, पण साताऱ्याचे नळ त्याच्यावर चालतात, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार.

आता खरं. कास बाराशे मीटरवर, सातारा चार-पाचशे मीटर खाली, मध्ये पंचवीसेक किलोमीटर. ट्रिपचा शेवटचा उतार, तोही आपल्या घरचा. म्हटलं डांबरावरून काय जायचं, बक्षीस म्हणून पेट्रीच्या अलीकडे ती मुरमाची वाट धरू. तीच, जिथं तुझा मोबाईल पडला होता आणि सापडल्यावर तू मलाच शिव्या दिल्यास.

वैशू, मला उतरताच येईना.

काल महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरतानाही हात आवळत होते, पण मी खापर सामानावर फोडलं. हँडलवर रोल, फ्रेममध्ये बॅग, पुढच्या चाकावर वजन येतं वगैरे. आज ती सबब चालली नाही, कारण खाऊन खाऊन सामान निम्मं झालं होतं. जांभ्याचे खडे गोट्यांसारखे चाकाखाली सरकत होते, ते तर नेहमीच सरकतात. मला सगळं पाठ आहे गं. टाचा खाली, बूड मागं, ब्रेकवर एकच बोट, नजर लांब. तूच घोकून घेतलंस. पण नजर चाकापुढच्या दोन हातांवर चिकटलेली आणि दोन्ही लिव्हरवर दोन-दोन बोटं, पांढरी पडलेली. मागच्या पॅडचा जळका वास यायला लागला. थांबून डिस्कवर बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्र झालं. (हो, माहीत आहे, डिस्क वाकडी होते. ओरडू नकोस.)

मग उतरले आणि चालत निघाले. उतारावर! मागून एक जण स्प्लेंडरला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या लावून डुगडुगत आला, पायात स्लिपर. "ताई, पंक्चर का?" मी हो म्हणाले. त्यानं दोन्ही टायरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गेला. सज्जन माणूस.

आधी वाटलं, वय. मग वाटलं, पिलू. पण पिलू बालवाडीत होती तेव्हा मी राजमाचीचा रस्ता पावसात उतरले आहे, तेव्हा काही झालं नाही. आणि पडायची भीती म्हणावी तर तीही नेमकी नाही. पडल्यावर कुणाकुणाला फोन जातील, आईला कोण सांगेल, पिलूला शाळेतून कोण आणेल, अशी यादी डोक्यात सुरू होते आणि ती संपेपर्यंत वळण येतं. शहाणपण यालाच म्हणत असतील तर मला नको आहे. याच घाटात अकरावीत आपण लेडीज सायकलींवर सुटायचो, तुझा पुढचा ब्रेक तुटलेला, माझा मागचा नावापुरता. समर्थ मंदिराशी आधी मीच पोचले होते. तू टेम्पोचं कारण अजून सांगतेस. टेम्पो नव्हता.

ते असो. चालता चालता दुसरंच काही डोक्यात आलं आणि त्यासाठीच हे पत्र.

ताम्हिणीत तुझं कॉलरबोन मोडलं. तीन महिन्यांनी तू पुन्हा सायकलवर. आम्ही सगळे म्हणायचो, वैशीच्या नसांत रक्त नाही, ग्रीस आहे. पण त्यानंतर तुला फोटोंचं वेड लागलं, आठवतं? दर उतारावर थांब, फोटो काढ. "ऊन काय सुंदर पडलंय." दुपारी बाराला! त्यावरून मी तुझ्याशी भांडले, खोपोलीच्या वाटेवर तर दोन तास अबोला. मघाशी जुने फोल्डर उघडले. वैशू, सगळे फोटो उतारावरचे आहेत. चढावरचा एकही नाही.

चोरटे. तू भीत होतीस ना? आणि बोलली नाहीस. का नाही बोललीस, ते मला आज कळतंय, तरी राग येतोय. आता सरळ सांग: ती गेली का? कशानं गेली? की गेलीच नाही, आणि तू नागपूरला बदली मागून घेतलीस कारण तिथं घाटच नाहीत? हा विनोद आहे. बहुतेक.

पुढं डांबराला लागून यवतेश्वर उतरले, कासवाच्या गतीनं. सायकलवाल्या पोरांचं एक टोळकं "काकू, साइड!" ओरडत गेलं. काकू! समोर अजिंक्यतारा दिसायला लागल्यावर त्या मोठ्या वळणावर थांबले आणि फोटो काढला. सोबत पाठवतेय. ऊन सुंदर पडलं होतं.

तुझ्या बदलीच्या अर्जाचं काय झालं? ओमला म्हणावं, बारावी म्हणजे आयुष्य नव्हे, आणि हे मी सांगितलं असं त्याच्या बापाला सांगू नकोस. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? त्यांना नमस्कार. मेमध्ये आईकडे येशील तेव्हा सायकल घेऊन ये, आपण कासहून उतरू. वाटेत तू कितीही वेळा थांबलीस तरी चालेल.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू विषय बदलतेस.

तुझी,
सुमी

ता. क. माझं चेन तोडायचं टूल तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, भीमाशंकरच्या फोटोत तुझ्या हातात दिसतंय.