खजुराहोचा तुमचा पास गेटवर चालला नाही, सगळे पैसे परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, ग्राहक सेवा विभाग

विषय: १६ नोव्हेंबरचे खजुराहोचे ५ ‘ऑल टेंपल फॅमिली पास’, भरलेली रक्कम २८७० रुपये

स.न.वि.वि.

मी ग्वाल्हेरहून लिहितेय, लश्करमध्ये राहतो आम्ही. तुमच्या अ‍ॅपवर मराठीत तक्रार लिहायची सोय दिसली म्हणून मराठीत लिहितेय, कारण चॅटवर हिंदीत आणि इंग्लिशमध्ये चार वेळा सगळं सांगून झालं आणि चारही वेळा एकच उत्तर आलं की तुमचा पास वापरला गेलाय म्हणून रिफंड बसत नाही. तो पास आम्ही वापरलेला नाही, वापरायला गेलो तर गेटवरच्या माणसाने परत पाठवलं. नीट पहिल्यापासून सांगते, कृपा करून शेवटपर्यंत वाचा आणि परत तो तयार मेसेज चिकटवू नका.

आमच्या सासूबाई, आम्ही आईच म्हणतो त्यांना, शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवायच्या. मंदिराचं शिखर काढायला शिकवताना फळ्यावर नेहमी खजुराहोचं कंदारिया महादेव काढायच्या, मुलांना सांगायच्या की एक सरळ त्रिकोण काढून मोकळे होऊ नका, मोठ्या शिखराला बिलगून लहान लहान शिखरं एकावर एक चढत जातात तशी काढा, डोंगर उठतो ना तसं, अशी ८४ उरुशृंगं, म्हणजे बिलगलेली लहान शिखरं, आहेत त्याला. इतकी वर्षं फळ्यावर काढलं पण प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं. ग्वाल्हेरहून खजुराहो पावणेतीनशे किलोमीटर म्हणजे काही परदेश नाही पण आधी नोकरी, मग सासऱ्यांचं आजारपण, मग त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन, राहूनच गेलं. ह्या वर्षी त्या ७४ च्या झाल्या आणि दिवाळीत स्वतःहून म्हणाल्या की आता मला एकदा नेऊन आणा. म्हणून हे बुकिंग. तुमच्यासाठी तो एक ऑर्डर नंबर असेल, आमच्या घरात महिनाभर त्याच्यावर बोलणं चाललं होतं.

बुकिंग ह्यांनी रात्री फोनवर केलं. सर्च केलं तर सगळ्यात वर तुमचं पान आलं, त्यावर ‘ऑफिशियल एंट्री’ असं मोठ्या अक्षरात आणि खाली लाल रंगात ‘ह्या तारखेचे फक्त २ पास शिल्लक’. दिवाळीनंतरची गर्दी असेल, आईंना लाइनीत उभं करायला नको, म्हणून ह्यांनी घाईघाईत पाच घेतले. (फक्त २ शिल्लक होते तर ५ कसे मिळाले हे आम्हाला नंतर सुचलं.) ४९९ चा एक पास, पाच जणांचे २४९५. मग शेवटच्या पानावर माणशी ४९ रुपयांचा प्रवास विमा, त्यावर टिक आधीच केलेली होती, ते २४५ झाले, आणि १३० कन्व्हीनियन्स फी. एकूण २८७०. विमा आम्ही मागितला नव्हता आणि टिक आहे हे बिल आल्यावरच कळलं.

आता त्या पासमध्ये तुम्ही काय काय विकलं ते बघा. पश्चिम मंदिर समूहाची एंट्री, पूर्व समूहातली जैन मंदिरं, जटकरा गावाजवळचं चतुर्भुज मंदिर, ‘मतंगेश्वर व्हीआयपी दर्शन’, मोबाइलवर ऑडिओ गाइड, आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो. ह्यातल्या पश्चिम समूहाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, भारतीय माणसाला काउंटरवर ४० रुपये आणि ऑनलाइन ३५. आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काहीच लागत नाही, आमचा मुलगा १४ चा आणि मुलगी ११ ची, बुकिंग करताना दोघांची वयं तुमच्या फॉर्ममध्ये ह्यांनी भरलेली आहेत, तुम्हीच विचारली होती. म्हणजे वय माहीत असून तुम्ही दोन मुलांचे ९९८ रुपये घेतले. मोठे आम्ही तिघं, आमचं खरं तिकीट ऑनलाइन १०५ रुपयांत झालं असतं. पूर्व समूहातली मंदिरं आणि चतुर्भुज ह्यांना एंट्री तिकीटच नाही. शोसाठी तुमचा पास दाखवला तर तिथे वेगळं तिकीट घ्या म्हणाले. ऑडिओ गाइडची लिंक दोन्ही दिवस उघडली नाही.

सकाळी साडेसहाला निघालो, झाशी, छतरपूर, बमीठा करत सव्वाला खजुराहोला पोचलो, हॉटेलवर आईंना थोडं आडवं केलं आणि पावणेतीनला गेटवर हजर. तुमच्या पासवर स्लॉट ३ ते ५ होता. गेटवरच्या माणसाने आमचा कोड मशीनवर धरला, काहीच झालं नाही, परत धरला, मग त्याने बिचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघितलं तर तुमच्या वेबसाइटचं पान उघडलं. तो म्हणाला, “मैडम ये हमारा टिकट नहीं है, हमारे टिकट में नाम और आईडी आता है.” आणि हे लक्षात घ्या की त्याने मोबाइलने जो स्कॅन केला त्यालाच तुमची सिस्टिम ‘वापरला’ म्हणतेय. पाचही पासवर २:५१ अशी एकच वेळ आहे, स्वतः तपासून बघा. आत जाऊच दिलं नाही तर वापरला कुठे?

तुम्ही म्हणाल की लगेच काउंटरवरून तिकीट का नाही काढलं. कारण तुमच्या हेल्पलाइनने आम्हाला थांबायला सांगितलं! ३५ मिनिटं होल्डवर ठेवल्यावर एक मुलगी बोलली, तिला दोष देत नाही, तिने जे समोर दिसलं ते सांगितलं असेल, ती म्हणाली आमचा प्रतिनिधी पिवळी टोपी घालून १० मिनिटांत गेटवर येईल आणि तुम्हाला आत सोडेल, तोवर दुसरं तिकीट काढू नका नाहीतर रिफंड क्लेम जाईल. मग आम्ही पिवळी टोपी शोधत उभे. आई एकदा कठड्याला टेकायच्या, एकदा माझ्या खांद्याला. वीस पंचवीस मिनिटं गेली, कोणी आलं नाही, परत फोन लावला तर लागेना, शेवटी हे वैतागून काउंटरच्या लाइनीत लागले, रविवार असल्यामुळे लाइन मोठी, नेटवर्क नसल्याने रोख १२० देऊन तीन तिकिटं काढली आणि आत गेलो तेव्हा ४ वाजून १० मिनिटं झाली होती.

ज्यांनी खजुराहो बघितलंय त्यांना कळेल ह्याचा अर्थ काय ते. पश्चिम समूह सूर्योदयाला उघडतो आणि सूर्यास्ताला बंद होतो, नोव्हेंबरात सव्वापाच साडेपाचलाच सूर्य जातो. गेटच्या जवळ वराह आणि लक्ष्मण मंदिर आहे, कंदारिया पार आत, शेवटाला. आई गुडघ्यामुळे हळू चालतात. वराहाजवळ त्या थांबल्या, एका सलग दगडातला तो वराह, अंगभर ओळीने कोरलेल्या छोट्या छोट्या मूर्ती, मुलांना दाखवत होत्या. लक्ष्मण मंदिराखाली उभं राहून सांगितलं की हे चंदेल राजा यशोवर्मनाचं, दहाव्या शतकातलं, आणि हत्तींची जी रांग खाली चाललीय ती जोत्यावर सगळीकडे फिरते, ती चुकवू नका. त्या एवढ्या खूश होत्या की मी घड्याळ दाखवायचं टाळलं, हे आता मलाच लागतंय. कंदारियाकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत शिट्या सुरू झाल्या, चलिए चलिए, बंद हो रहा है. लांबून शिखर दिसलं, त्यावरचं ऊन नुकतंच गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, वळल्या.

बाहेर आल्यावर मतंगेश्वरला गेलो. ते कुंपणाच्या बाहेर आहे, लक्ष्मण मंदिराला लागूनच, आणि तिथे आजही रोज पूजा होते, गावातले लोक चपला काढून सरळ आत जातात. पायऱ्या उंच म्हणून आई खालीच उभ्या राहिल्या, आम्ही चौघं वर गेलो. शिवलिंग माणसापेक्षा उंच आहे, मुलगी बघतच राहिली. मुलाने भाबडेपणाने पुजाऱ्यांना मोबाइलवर तुमचा पास दाखवला, आमचं व्हीआयपी दर्शन आहे म्हणून. ते म्हणाले, “बेटा, यहाँ कैसा टिकट, महादेव सबके हैं.” मुलाचा चेहरा उतरला, आणि खाली येऊन त्याने आजीला सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा रागावल्या. म्हणाल्या, माझ्या गुडघ्याचं जाऊ दे पण देवाच्या दाराला ह्यांनी तिकीट कुठून लावलं? ह्याचं उत्तर मला तुमच्याकडून लेखी हवंय. गेटचं स्कॅनिंग फेल झालं तर ती टेक्निकल चूक आहे असं तुम्ही म्हणू शकता, पण जिथे कोणी एक रुपया घेत नाही तिथलं दर्शन तुम्ही पासमध्ये लिहून विकलंत, ते कोणीतरी बसून टाइप केलंय, त्यावर व्हीआयपी लावलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत १२० रुपयांची तिकिटं काढली आणि उघडल्या उघडल्या आत गेलो. पण आदल्या दिवशी दीड तास उभं राहून आईंचा गुडघा रात्रीत सुजला होता. कंदारिया उंच जगतीवर, म्हणजे दगडी जोत्यावर आहे, जगदंबी मंदिर पण त्याच जोत्यावर, आधी त्या पायऱ्या आणि मग मंदिरात शिरायच्या वेगळ्या. दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. आम्ही उचलून नेतो म्हणालो तर नको म्हणाल्या. खाली हिरवळीवर बसून त्यांनी तासभर शिखर बघितलं, वही आणली होती त्यात पेन्सिलने काढलं, मुलगा वर जाऊन एकेक बाजूची उरुशृंगं मोजून खाली येऊन सांगत होता. आतला प्रदक्षिणा मार्ग, मंडपातलं छताचं कोरीवकाम, गाभारा, हे सगळं त्यांचं राहिलं. पुढच्या वर्षी गुडघा कसा असेल कोणी सांगावं.

आम्ही किल्ल्याच्या गावात राहणारी माणसं, पाहुणे आले की किल्ल्यावर नेतोच, सासबहू मंदिर, मानमंदिर, पुरातत्त्व खात्याचं तिकीट म्हणजे काय हे आम्हाला नवीन नाही. तरी फसलो, कारण तुमचं पान सरकारी दिसावं असंच बनवलंय. तामिळनाडू नाहीतर केरळातून पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

आता माझ्या मागण्या. पासचे २४९५, विम्याचे २४५, फीचे १३० असे २८७० पूर्ण परत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. तुम्ही देऊ केलेले ३०० रुपयांचे कूपन पॉइंट नकोत. पहिल्या दिवशीचे काउंटरचे १२० मी मागत नाही, ते आम्ही कसेही दिलेच असते, पण दुसऱ्या दिवशीचे १२० तुमच्यामुळे गेले म्हणून ते धरून २९९०. दुसरं, मतंगेश्वर, चतुर्भुज आणि पूर्व समूह हे पासमधून काढा, १५ वर्षांखालच्या मुलांचे पैसे घेणं बंद करा आणि पानावर मोठ्या अक्षरात लिहा की तुम्ही खाजगी कंपनी आहात आणि मूळ तिकीट एवढ्याचं आहे. सर्व्हिसचे पैसे घ्यायला माझी ना नाही, सांगून घ्या.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. चॅटवरची पहिली तक्रार १८ नोव्हेंबरची आहे, तिची पोच अजून नाही. आधीच केलेली टिक आणि खोटं ‘फक्त २ शिल्लक’ ह्या दोन्ही गोष्टी २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या गाइडलाइन्समध्ये नावानिशी आहेत, बास्केट स्नीकिंग आणि फॉल्स अर्जन्सी म्हणून, ह्यांनी ते पान तेव्हाच स्क्रीनशॉट करून ठेवलं होतं ते सोबत जोडलंय. पैसे आले नाहीत तर आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग इथे ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या कायद्याने राहत्या गावी केस करता येते आणि एवढ्या रकमेला फी पण नाही. ह्यांच्या ऑफिसमधल्या वकील मित्रांशी बोलणं झालंय.

सोबत: पाचही पास, बँकेचा मेसेज, दोन्ही दिवसांची काउंटरची तिकिटं, हेल्पलाइनच्या कॉलची वेळ, चारही चॅट. फोन करायचा असेल तर दुपारी ३ नंतर करा, आणि कृपया आईंच्या नंबरवर करू नका, बुकिंगमध्ये चुकून तो दिला गेलाय, त्यांना परत हे सगळं ऐकवायचं नाहीये मला.

कळावे,
बुकिंगमधल्या पाचांपैकी एक ग्राहक
लश्कर, ग्वाल्हेर